तेरावा पत्ता

मी करकंबची. लग्न होऊन सोलापुरात आले तोवर फोटो ही वस्तू मी एकदाच पाहिली होती, गावातल्या एका मोठ्या घरात, आणि तोही वारलेल्या माणसाचा, हार घातलेला. त्यामुळे मुलगा फोटो काढतो असं कळल्यावर माझ्या आईने मध्यस्थाला पहिला प्रश्न विचारला तो हा, "जित्या माणसाचं काडतो न्हवं?"

जित्या माणसांचेच काढत. पेठेत आमचं घर होतं. खाली आम्ही राहायचो आणि माडीवर स्टुडिओ. छपराचे काही पत्रे काढून तिथे काचा बसवल्या होत्या. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना आणि सोलापुराने कधी न पाहिलेली हिरवीगार बाग. घरात माणसं तीनच: हे, म्हणजे माझे मालक, त्यांची आई आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. सासरे गिरणीत होते, माझ्या लग्नाआधीच गेले. मुलाने गिरणीतच लागावं असं त्यांना वाटायचं, पण ह्यांनी एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहून काम शिकून घेतलं आणि तेच धरलं.

माझं काम गच्चीवर. काचेच्या निगेटिव्हखाली कागद घालायचा, चौकट बंद करायची आणि उन्हात ठेवायची. कागदावर माणूस हळूहळू तपकिरी होत उमटायचा. तो किती उमटू द्यायचा आणि कधी सावलीत आणायचा, हे मला चांगलं जमायला लागलं होतं. ऊन आमच्याकडे हवं तेवढं.

हे माणसांशी कमी बोलत. उजेडाबद्दल मात्र बोलायला लागले की थांबत नसत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ह्यांचे डोळे असे बारीक व्हायचे, की समोरच्याला वाटावं आपल्या तोंडाला काही लागलंय. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. मी भाकरी वाढणारी, चौकटी उन्हात ठेवणारी. मला ते लागायचं, पण असलं काही बोलून दाखवायची रीत नव्हती.

रेल्वेच्या बंगल्यांत एका गार्डाची बायको राहायची. गोरी म्हणावी तर गोरी नव्हती, पण झगा घालायची म्हणून सगळे तिला मडम म्हणत. एक दिवस ती रुमालात बांधलेला पत्त्यांचा जोड घेऊन आली. खेळायचे पत्ते नव्हेत, शकुन बघायचे. पिसायचे, माणसाने त्यातला काढायचा, आणि निघालेल्या चित्रावरून पुढचं सांगायचं. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि एक आकडा. राजा, राणी, कंदील घेतलेला म्हातारा, तराजू धरलेली बाई, सिंहाचं तोंड मिटवणारी पोरगी, एका पायाने उलटा टांगलेला माणूस, चाक, चांदणी, सूर्य. पत्ते झिजून मऊ पडले होते, काही हरवले होते. "फोटोवाला, इसका फोटो उतारके नया बना दो," ती म्हणाली. त्या पत्त्यांना ती टॅरो म्हणायची. आत्याबाईंच्या तोंडात त्याचं तारू झालं आणि आमच्या घरात ते तारूचे पत्तेच राहिले.

मडमेचं काम ह्यांनी करून दिलं. पण ते पत्ते ह्यांच्या डोक्यातून जाईनात. जेवताना मध्येच म्हणाले, "चित्रं कशाला पायजेत? हे सगळे आपल्या पेठेत हैत की." आणि खरंच त्यांनी आपला वेगळा जोड करायला घेतला, चित्रांच्या जागी माणसांचे फोटो लावून.

त्या हिवाळ्यासारखे दिवस आमच्या घराने आधी पाहिले नव्हते. तराजूच्या जागी कोपऱ्यावरचा वाणी आला, कोट घालून, तागडी हातात धरून. उलटा टांगलेला माणूस तालमीत मिळाला. मल्लखांबावर एका पायाची तिढी मारून तो इतका वेळ लटकला, की शेवटी ह्यांनीच त्याला उतर म्हणून सांगितलं. सिंह कुठला आणायचा? माळशिरसकडचा एक धनगर बाजारात मेंढरं घेऊन यायचा, त्याला आणि त्याच्या एडक्याला जिन्याने वर चढवलं. एडक्याने पडद्यावरच्या बागेत लघवी केली. धनगर म्हणाला, "झाडास्नी पानी घातलं त्यानं," आणि आत्याबाई हसून हसून खाली बसल्या.

चाकाच्या जागी शेजारीण बसली. तिचं घर तेलुगू विणकरांचं, आमच्या भिंतीला भिंत लागून. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. कांड्या भरायचा रहाट घेऊन ती वर आली आणि हातात पुंजकाभर सूत घेऊन अशी बसली, की हे कॅमेऱ्याआडून म्हणाले, "हलू नको, अगदी अशीच ऱ्हा." राणी झाल्या आत्याबाई. "मला म्हातारीला काय नटवतोस," असं आधी म्हणाल्या, आणि मग फोटो वाळला का म्हणून गच्चीवर चार खेपा घातल्या.

मला चांदणी व्हायचं होतं. मडमेच्या पत्त्यावर ती दोन घागरींनी पाणी ओतते. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, घागरी घेतल्या, आणि ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे ते बारीक डोळे करून पाहिलं. मी इतकी लाजले की फोटोत डोळे मिटलेलेच आले. "परत काढू," ते म्हणाले.

ते राहून गेलं. मला ताप आला तो उतरेचना. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. त्यातले बरेचसे दिवस मला आठवतच नाहीत. आठवतं ते एवढंच, की आत्याबाई माझ्या डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवतायत आणि रडतायत. केसांचा पार गुंता झाला होता, ताप डोक्यात जाईल म्हणून ते मुळापासून कापून टाकले. मी शुद्धीवर आले तेव्हा हात आपोआप अंबाड्याकडे गेला आणि बोटांना नुसतं डोकं लागलं.

उठून बसायला लागल्यावर मी पदर कधी खाली येऊ दिला नाही. बाईचं डोकं भादरलेलं म्हटल्यावर बघणाऱ्याच्या मनात काय येतं, ते काही कुणाला सांगावं लागत नाही. भिंतीवरचा आरसा मी पालथा करून ठेवला होता.

एका सकाळी आत्याबाई देवळात गेल्या होत्या. हे मला हाताला धरून वर घेऊन गेले, म्हणाले जरा उजेडात बस. काचेखाली स्टुलावर बसवलं. मग बारीक डोळे करून बघत राहिले.

"पदर काढ."

"अवो, काय बोलता?"

"कोण न्हाय हितं. काढ की."

"कुणाला दावायचाय?"

"कुणाला न्हाय. मला पायजे."

मला पायजे. हे दोन शब्द मी कितीदा आठवले असतील. आजारपणाने हाडं वर आलेली, डोकं उघडं, नुकतंच तोंड धुतलेलं म्हणून कपाळावर कुंकूसुद्धा नाही, आणि हा माणूस म्हणतोय मला पायजे. मला वाटलं, ही माया. मी पदर खाली केला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. या वेळी डोळे मिटले नाहीत.

तो फोटो मला काही दिसला नाही. मी अजून गच्चीवर चढत नव्हते, चौकटी तेच उन्हात ठेवत होते. मी विचारलंही नाही. आमचं दोघांचं ते गुपित आहे, असं मी मनाशी धरून होते.

पत्ते पुरे होत आले तसे पेठेतल्या बायका दुपारच्या बघायला यायला लागल्या. मडमेने ह्यांना कुठल्या पत्त्याचा काय अर्थ ते सांगितलं होतं, ह्यांच्याकडून आत्याबाईंनी ऐकून घेतलं होतं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आकडे येत, आणि माणसं तर सगळी ओळखीचीच. सोप्यात चटई टाकून त्या बसायच्या. वाण्याचा पत्ता निघाला की न्याय मिळणार, पैलवान उलटा निघाला की कामं अडून बसणार. बायका हसायच्या, पण ऐकायच्या मन लावून.

शेजारणीला तेव्हा पाचवा महिना होता. ती आली, चटईवर अवघडून टेकली आणि आत्याबाईंना म्हणाली, "माझाबी काडा की आत्ती."

मी आत पाणी आणायला गेले होते. तांब्या घेऊन बाहेर आले तर सगळ्या बायकांच्या माना चटईकडे वळल्या होत्या. शेजारणीच्या हातात पत्ता होता. तिने आधी पत्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्याबाईंनी हात पुढे करून तो पत्ता तिच्याकडून घेतला आणि पालथा घातला.

"काय निघालं?" मी विचारलं.

मी वाकून पत्ता उलटला.

तो अर्थ वगैरे माझ्या ध्यानात नंतर आला. आधी एवढंच दिसलं, की एवढ्या बायकांसमोर चटईवर मी उघड्या डोक्याने बसले आहे. मी पदर ओढला तो खऱ्या डोक्यावरचा. फोटोवर ओढायला पदर नव्हता. कपाळ पांढरं. गालांचे खड्डे काळे. डोळे थेट बघणाऱ्याकडे. कोपऱ्यात ह्यांच्या हातचा पांढऱ्या शाईतला आकडा होता, तेरा.

"तेरावं," एक बाई हळूच म्हणाली. सगळ्यांना माहीत होतं तेरावं कशाला म्हणतात. आणि आत्याबाईंना हेही माहीत होतं, की मडमेच्या पत्त्यांतसुद्धा तेराव्यावर हाडांचा सापळाच होता. तो पत्ता अजून झालेला नाही, असं त्या समजून होत्या. ह्यांनी तो आदल्या दिवशीच जोडात घालून ठेवला होता.

शेजारीण पोटावर हात ठेवून उठली आणि गेली. मागोमाग बाकीच्या उठल्या. पाणी कुणी प्यायलं नाही.

हे घरी आल्यावर आत्याबाईंनी पत्ता त्यांच्या पुढ्यात टाकला. "सोताच्या बायकूचं पांडरं कपाळ काडलंस व्हय रं? आन तू जित्ता हायस न्हवं?"

ह्यांना राग समजेचना. ते म्हणाले, "मरण म्हंजी तसलं मरण न्हाय त्ये. मडम म्हनली, जुनं जाऊन नवं येतं, असा अर्थ हाय. आन त्या पत्त्यासाटी कोन बसायला तयार हुईना."

"म्हणून मला बसवलं?" मी विचारलं. त्यांच्या आईसमोर मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते.

"तुला त्याच्यासाटी न्हवतं बसवलं. फोटो काडला तवा मनात न्हवतं. मग काच धुतली, आन बगितलं..." ते उठले, पत्ता दारातल्या उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. "बग की. असला फोटो माज्या हातनं अजून निगाला न्हवता. काचेवर न्हाई काय रेखलं, न्हाई पुसलं. मला ह्यो दडवून ठेवू वाटंना."

मी पाहिलं. आणि मला सांगायला जड जातं, पण तो फोटो खरंच चांगला होता. आत्याबाईंची राणी त्याच्यापुढे नाटकातली वाटत होती. ते बारीक डोळे इतके दिवस शोधत होते ते त्यांना सापडलं होतं, माझ्या तोंडावर. ते मला बघत नव्हतेच. त्यांना उजेड दिसत होता, हाडं दिसत होती. मला पायजे म्हणाले ते यालाच. आणि मी पदर खाली करताना काय काय समजून बसले होते! त्या समजण्याची मला जी लाज वाटली, ती बायकांनी डोकं पाहिलं त्या लाजेपेक्षा मोठी होती. नवऱ्याने आपल्यावर माया केली असं वाटलं होतं, हे कुणाला सांगणार?

"माझी चांदणी कुटं गेली?" मी एवढंच विचारलं.

त्यांना आठवायला क्षणभर लागलं.

पत्ता त्यांनी जोडातून काढून टाकला. पण पेठेत गोष्ट पसरायची ती पसरली होती. नळावर माझी घागर लागली की बायका जरा सरकून उभ्या राहायच्या. वाईट कुणी बोललं नाही. बोललं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं. समोरून येणारी पोटुशी बाई दिसली की मीच गल्ली बदलायची.

शेजारणीचं डोहाळजेवण होतं. बोलावणं आधीच आलेलं. जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाय गेलो तर म्हनतील, खरंच हाय." म्हणून आम्ही दोघी गेलो. मी पदर कपाळावर घट्ट ओढून घेतला होता, कुंकू बोटभर मोठं लावलं होतं.

शेजारीण पाटावर बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या. तिच्या म्हाताऱ्या सासूने कुंकवाचं ताट एकेकीपुढे ठेवायचं, तिने उठून शेजारणीला हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची. आत्याबाईंची झाली. मी उठण्यासाठी हात जमिनीला टेकला. म्हातारीने ताट माझ्यापुढून उचललं, चुलीवरचं गरम भांडं उचलावं तसं जपून, आणि माझ्या पलीकडच्या बाईपुढे ठेवलं. तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, पण शेजारणीने मान खाली घातली.

टेकलेला हात मी परत मांडीवर आणला. मला वाटत होतं, आता आत्याबाई बोलतील. वाघीण होती ती बाई. नळावर तिच्या आवाजाने गडी मागे सरायचे. मी तिच्याकडे पाहिलं. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

शेवटपर्यंत बसलो. पानसुपारी घेतली. येताना आत्याबाई पुढे चालत होत्या आणि मी मागे.

घरी येऊन आत्याबाई चुलीपुढे बसल्या, पण चूल काही पेटवली नाही.

"म्या बोलाय पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

मी काटक्या चुलीत सारल्या.

"तोंडच उगडंना गं. म्हनलं, आपून भांडून वटी भरायला लावायची, आन पोरीला खरंच काय झालं तर?"

म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं. आणि मी कुठली त्यांना बोलणार? त्या ताट उचलण्याने माझा जीव जळला होता हे खरं, पण त्याच्याखाली, अगदी तळाशी, मलाही सुटल्यासारखं झालं होतं. माझा हात तिला लागला नाही ते बरंच झालं. माझ्याच तोंडाची मला भीती बसली होती.

हे जिन्यात उभे राहून ऐकत होते. खाली येऊन त्यांनी काय झालं ते विचारलं आणि आत्याबाईंनी सांगितलं. मग मी म्हणाले, "पत्ता काढून भागत न्हाई. तेरावा कोण असं कुणी विचारलं तर लोक माझंच तोंड सांगतील. तिथं दुसरं तोंड पायजे. तुमी बसा."

ते म्हणाले, "मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली उभा ऱ्हातो. तसा काढ. मरणासारखाच दिसतो की मानूस त्यात. तोंड कशाला?"

"माझं दिसलं की. तुमचंबी दिसू द्या."

त्यांनी नकाराची मान हलवली आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता बाहेर पडले आणि परत आले ते डोकं आणि मिशा उतरवून. हे मी मागितलं नव्हतं. आत्याबाईंनी त्यांना दारात बघितलं आणि ओरडल्याच. न्हाव्याच्या दुकानापासून घरापर्यंत पेठेतून ते तसेच चालत आले होते. मिशा गेलेला माणूस बघून लोक थांबवून विचारत होते, "कोण गेलं?" आणि हे प्रत्येकाला म्हणत होते, "कोण न्हाय." कुणाला ते खरं वाटेना. दुपारी वाणी लांब चेहरा करून भेटायला आला, सोप्यात टेकला, उपरण्याने डोळे टिपले आणि मग आत्याबाई त्याच्यासमोर तांब्या घेऊन आल्या तेव्हा त्यांना जिवंत बघून दचकला. "मला वाटलं..." एवढंच म्हणाला. आत्याबाईंनी त्याला काय वाटलं ते नीट ओळखलं आणि त्याला दाराबाहेर काढलं.

फोटो मी काढला. कॅमेरा ह्यांनी लावून दिला, काच कशी सरकवायची ते दाखवलं आणि त्याच स्टुलावर जाऊन बसले. काळ्या कापडाखाली मी पहिल्यांदाच शिरले. आत माणूस उलटा दिसतो हे मला माहीत नव्हतं. उलट्या डोक्याचे हे, कान बाहेर आलेले, ओठावर मिशांच्या जागी पांढरी पट्टी. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. लोकांना रोज हात कुठे ठेवायचे ते सांगणारा माणूस. मी कापडाखालून बाहेर येऊन काच कॅमेऱ्यात सरकवली.

"इकडं बघा," मी म्हणाले.

बघेनात. नजर माझ्या बाजूने खिडकीकडे जायची.

"अवो, माझ्याकडं बघा."

शेवटी पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

फोटो जरासा हलला होता. तरी मीच उन्हात ठेवला, मीच धुतला, आणि ह्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर तेरा आकडा घातला. आत्याबाईंनी मुद्दाम बायकांना बोलावून पत्ते मांडले आणि तेरावा वर ठेवला. पहिल्यांदा कुणाला ओळख पटेना. मग एकीने तोंडाला पदर लावला, दुसरी फिसकन हसली, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. मी दाराच्या चौकटीत उभी होते. माझ्यावरचं त्यांच्यावर गेलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण हे वर माडीवर होते, आणि तो हसण्याचा आवाज जिन्याने वर जात होता. मी मधलं दार ओढून घेतलं.

नळावर बायका सरकून उभ्या राहायच्या त्या पुन्हा पहिल्यासारख्या राहायला लागल्या. शेजारीण मात्र डोहाळजेवण होताच बाळंतपणाला माहेरी गेली होती, लांब तेलंगणाच्या बाजूला. तिने तो नवा पत्ता पाहिलाच नाही. तिच्यापुरती तेरावी मीच राहिले. उन्हाळा आला. माझे केस कानापर्यंत आले होते. पोस्टमन त्यांच्या दारात थांबला की मी गच्चीवरून खाली यायची आणि भिंतीला कान लावून बसायची. रडण्याचा आवाज येतो का, तेवढंच ऐकायचं होतं. पत्ता खोटा, फोटो म्हणजे कागद, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? रोज तो कागद मी माझ्या हाताने उन्हात ठेवत होते. तरी ऐकत बसायची.

ती परत आली ती पाऊस सरल्यावर. नळावर मला पाठीमागून तिचा आवाज आला आणि मी घागर तिथेच टाकून तोंड फिरवून निघाले.

"अक्का, तोंड का फिरवतीस?"

मी उभी राहिले, पण मागे वळले नाही. "तुझ्या कडेवर लेकरू हाय न्हवं," मी म्हणाले.

ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मुलगी होती, चांगली जाड, डोळ्यांत काजळ. शेजारणीने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू? कळा येत होत्या तवा तुझंच तोंड दिसलं मला. लई शिव्या दिल्या तुला. लई वाईट वाईट दिल्या. आई म्हणली, कुणाला देतीस? मी सांगितलं न्हाय." आणि ती रडायला लागली. "तू माझी अक्का, माझ्या घरात तुझी उठबस. मी तसं का गं केलं?"

मला तिला सांगायचं होतं की मीही तुझ्या घराच्या भिंतीला कान लावून बसत होते, तुझ्याइतकीच भ्यायले होते. पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी नुसतं म्हणाले, "लेकराला ऊन लागतंय, घरी ने."

बारसं त्यांनी ती सासरी आल्यावर करायचं म्हणून राखून ठेवलं होतं, त्याला आम्हाला बोलावलं. आत्याबाई पुढे, मी मागे. शेजारणीची म्हातारी सासू दाराशीच उभी होती, हातात कुंकवाचा करंडा. तिने मला आत येऊ दिलं नाही आधी. मला वाटलं, परत तेच. मग तिने बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं, जोरात, इतकं की मान मागे गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघी खाली उंबऱ्याकडे बघत होतो. कुंकू नाकावर सांडलं ते मी पुसलं नाही, तशीच आत जाऊन बायकांत बसले, आणि पाळण्याची दोरी फिरत फिरत माझ्या हातात आली तेव्हा मीही ती ओढली.